अर्धं घर्षण

शाळेत रुजू झाले त्या दिवशी देवरे सरांनी मला भिंत ढकलायला लावली.

मी नाशिकची, गंगापूर रोडवर वाढलेली. देवळा आणि सटाण्याच्या मधल्या एका गावात मराठीच्या शिक्षिकेची नोकरी मिळाली, तेव्हा ‘वर्षभरात बदली करून घेऊ’ अशी समजूत घालून घरच्यांनी मला एसटीत बसवलं होतं. मुख्याध्यापकांकडे कागद दिले, सही केली आणि स्टाफरूममध्ये आले, तर पन्नाशी ओलांडलेला एक उंच, काटकुळा माणूस समोर उभा. पांढरा बुशशर्ट, खिशापाशी रंगीत खडूंचे डाग. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“मॅडम, ही भिंत ढकला.”

मला वाटलं, इथली काही रीत असेल. पर्स खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी भिंत ढकलली.

“काय झालं?”

“काही नाही. हलली नाही.”

“आणि भिंतीनं काय केलं?”

“भिंत काय करणार सर?”

“भिंतीनं काही केलं नसतं तर तुम्ही आत्ता पलीकडे मुख्याध्यापकांच्या टेबलावर असता. तुम्ही तिला जेवढं ढकललं, तेवढंच तिनं तुम्हाला ढकललं. बसा आता, चहा येतोय.”

हा माणूस एकतर चक्रम आहे किंवा रोज माझं डोकं खाणार आहे, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं. दोन्ही खरं निघालं. बदलीचा अर्ज मात्र मी सहा वर्षं केला नाही.

निंबा देवरे हे त्यांचं पूर्ण नाव, पण गावात सगळे ‘निंबा सर’ म्हणायचे. सातवी-आठवीचं विज्ञान त्यांच्याकडे. त्यात प्रकाश होता, पेशी होत्या, आम्ल-आम्लारी होती, पण सरांचा जीव बल आणि गती या धड्यात. बाकीचे धडे ते पाहुण्यासारखे आटोपायचे आणि या धड्यावर आले की दीड महिना हलायचे नाहीत. खिशात गोटी, दोऱ्याचं रीळ, रबर आणि चलनातून गेलेलं एक नाणं असायचं. रस्त्यात कोणी भेटलं की आधी त्याच्या चपलेकडे बघायचे. टाच कुठून झिजली आहे यावरून माणूस कसा चालतो ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. माझी सँडल बघून म्हणाले होते, “तुम्ही डावा पाय घासता. घाईत असता का नेहमी?” मी नेहमीच घाईत असायचे, म्हणून मला राग आला.

चहाचा कप त्यांना काठोकाठ भरून लागे. तो घेऊन ते स्टाफरूमपासून प्रयोगशाळेपर्यंतचा व्हरांडा चालत जायचे आणि एक थेंब सांडायचा नाही. “एकदम निघायचं नाही, एकदम थांबायचं नाही,” म्हणायचे. मी एकदा करून पाहिलं आणि साडी बदलायला खोलीवर जावं लागलं.

वर्गात ते अगदी छापील मराठी बोलायचे. गावातल्या माणसांशी अहिराणी. मला वाटायचं, या दोन भाषांच्या मध्ये त्यांनी पक्की भिंत बांधली आहे. पण कोणी मनासारखं उत्तर दिलं, एखाद्या पोरीनं नवीनच काही विचारलं, की त्या भिंतीतून हळूच निसटायचं, “भारी शे.” म्हणजे ‘भारी आहे’. स्वतःशीच म्हणायचे. पहिल्या बाकापलीकडे ते जायचं नाही. पोरं म्हणे त्या ‘भारी शे’साठी पहिल्या बाकावर बसायला भांडायची.

त्यांची स्कूटर हा एक स्वतंत्र धडा होता. ती किकनं सुरू झालेली मी कधी पाहिली नाही. शाळा थोड्या उंचावर, फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार. शाळा सुटली की आठवीतली चार-पाच जणं ती मागून ढकलायची. एक दिवस मुलं, एक दिवस मुली, पाळी ठरलेली. सर वरून विचारत.

“जास्त जोर कधी लागला?”

“पहिल्यांदा, सर.”

“तेवढाच अवघड असतो. पहिला जोर. एकदा हलली की मग ती थांबायला कुरकुर करते.”

एवढ्यात स्कूटर फर्रकन सुरू व्हायची आणि उरलेला धडा धुरात जायचा. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, की पालक काय म्हणतील, मुलांकडून गाडी ढकलून घेता. सर शांतपणे म्हणाले, “प्रात्यक्षिक आहे.” मी विचारलं, दुरुस्त का करून घेत नाही? तर म्हणाले, “मग धडा कशावर शिकवू?”

एसटीत त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, सगळे पुढे झुकले, की हे बाहेर बघत म्हणणार, “जडत्व.” गाडी निघाली, सगळे मागे कलंडले, पुन्हा “जडत्व.” एकदा सटाण्याच्या बाजारातून येताना भाजीची पाटी घेतलेली एक बाई ब्रेकबरोबर त्यांच्या अंगावर आली. ती बिचारी लाजून लाल झाली. सर तिला धीर देत म्हणाले, “बाई, यात तुमचा काही दोष नाही.” ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. त्याला वाटलं, दोष आपल्यावर चाललाय. पुढच्या थांब्यापर्यंत दोघांची जुंपली, आणि अख्खी गाडी ड्रायव्हरच्या बाजूनं होती.

मला ते चिडवायचे. मुलांच्या निबंधातल्या चुका मी लाल पेननं सुधारत बसले की कपात फुंकर मारत म्हणायचे, “तुमच्या विषयात बरं आहे मॅडम. मोठ्या माणसानं चूक केली की ती त्याची शैली होते. आमच्यात ती चूकच राहते.” हे वाक्य ते बरेचदा म्हणत. मी ते गंमत म्हणून ऐकलं. त्यात काही खुपत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर फसला. सरांच्या निवृत्तीला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं.

शाळेच्या फाटकासमोर पाण्याची पाइपलाइन फुटली होती आणि रस्त्यावर हा चिखल. सकाळी कांद्यानं भरलेली ट्रॉली घेऊन एक शेतकरी देवळ्याच्या लिलावाला निघाला होता. ट्रॅक्टरचं मागचं चाक चिखलात गेलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. जेवढा रेस देई तेवढं चाक खोल. पोरांनी फाटकाशी गर्दी केली. सर पुढे झाले.

“रेस देऊ नको भाऊ. चाकाला धरायला काही नाही. खडी टाक, वर गोणपाट टाक.”

खडी टाकली, गोणपाट टाकले, हळूहळू रेस दिला आणि ट्रॅक्टर हिसका देऊन बाहेर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीनं तिथं रस्त्यावर, वर्गात करावा तसा हात वर केला.

“सर, खडीनं घर्षण वाढलं ना?”

“हो.”

“आणि घर्षण गतीला विरोध करतं ना? तुम्ही काल सांगितलं. मग ट्रॅक्टर पुढे कसा आला?”

मी सरांकडे पाहिलं. आता गोटी निघणार, दोरा निघणार. पण सरांनी खिशात हातच घातला नाही. त्या मुलीच्या वर झालेल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वर्गात जा.” त्या दिवशी त्यांच्या चहाचा कप टेबलावर तसाच साय धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रतिज्ञा झाल्यावर, ते मुलांसमोर उभे राहिले.

“मी तुम्हाला शिकवलं की घर्षण नेहमी गतीला विरोध करतं. हे अर्धं आहे. आपण चालतो तेव्हा पाय जमिनीला मागे ढकलतो. जमीन घर्षणानं पायाला धरते आणि आपल्याला पुढे ढकलते. घर्षण नसतं तर आपण एक पाऊलही पुढे गेलो नसतो. मी बरीच वर्षं हे चुकीचं शिकवत आलो. वहीत दुरुस्त करून घ्या.”

मुलांनी वहीत दुरुस्त केलं. एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण सरांनी जुने हजेरीपट काढले आणि आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात दुरुस्ती करायचं मनावर घेतलं.

आधी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक संदेश गेला. त्याखाली तीस-चाळीस हात जोडलेले आले आणि एकानं ‘हॅपी बर्थडे सर’ लिहिलं. सरांचं समाधान झालं नाही. मग ते माणसं गाठू लागले. देवळ्याच्या बाजार समितीत त्यांच्याबरोबर मी एकदा गेले होते, घरी न्यायला कांदे घ्यायचे होते. लिलाव ऐन भरात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे बोली लावत चाललेले. त्यातला एक सरांचा विद्यार्थी. सरांनी त्याचा दंड धरला.

“अरे, आठवीत मी तुला घर्षण चुकीचं शिकवलं.”

“सर, आते लिलाव चालू शे.”

“दोन मिनिटं. तू आत्ता चालत आलास, ते कशामुळं?”

“सर, तो माल जाई ऱ्हायना मन्हा.”

माल गेलाच. दुसऱ्यानं घेतला. तो विद्यार्थी सरांना काही बोलला नाही, पण त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे मी थांबवायला हवं होतं. एका लग्नात तर सर आहेराचं पाकीट देता देता नवरदेवाच्या कानाशी लागले. नवरदेव खो खो हसतोय आणि नवरी संशयानं बघतेय, असा फोटो त्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे.

गावात कुजबुज सुरू झाली. निवृत्ती जवळ आली की काहींचं असं होतं म्हणे. मुख्याध्यापकांचं दुखणं वेगळं होतं. “देवरे सर, चुकीचं शिकवलं, चुकीचं शिकवलं, असं सांगत फिरू नका. उद्या लोक विचारतील, बाकीचं तरी बरोबर शिकवता का?”

“विचारावंच,” सर म्हणाले.

मला त्यांची दया यायची आणि थोडं हसूही. एवढंसं वाक्य, तेही पुस्तकाच्या आधारानं शिकवलेलं. त्यासाठी माणूस उन्हातान्हात इतका फिरतो? एका मधल्या सुट्टीत मी सरळ विचारलं.

सरांनी खिशातलं नाणं काढून टेबलावर फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिले.

“एक मुलगी होती मॅडम. योगिता अहिरे. अठरा वर्षं झाली. आठवीत, पहिल्या बाकावर. शिक्षण खात्याची तपासणी होती. साहेब मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसले होते. मी वर्गाला विचारलं, घर्षण गतीला काय करतं? सगळे म्हणाले, विरोध. हिनं हात वर केला. म्हणाली, सर, नेहमी नाही. चालताना ते पुढे ढकलतं, नाहीतर तेलावरसुद्धा चालता आलं असतं. साहेबांनी मान वर केली. मी तिला म्हणालो, पुस्तक वाचत जा, बस खाली. वर्ग हसला.”

“मग?”

“मग काही नाही. ती पुढं दोन वर्षं शाळेत होती. तिनं हात वर केला नाही. माझ्या तासाला नाही, कोणाच्याच नाही. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं मॅडम. चुकीचं समजलो होतो. एवढं तिला सांगायचं आहे. ती सापडत नाही.”

मग मला हसू आलं नाही. लिलावातला व्यापारी, नवरदेव, तो ग्रुप, हे सगळं एका मुलीला शोधण्यासाठी चाललं होतं. वडील वारल्यावर योगिताचं घर गाव सोडून गेलं होतं. सर भेटेल त्याला आधी घर्षण सांगत आणि मग सहज विचारल्यासारखं विचारत, “योगिता कथी शे, माहीत शे का?”

शेवटी तिच्या वर्गातल्या एकीनं कळवलं. योगिता नाशिकला असते आणि बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. मैदानाचा पत्ता वाचून मी उडालेच. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरापासून ते दहा मिनिटांवर होतं आणि त्याच मैदानावर लहानपणी मी सायकलवरून पडून गुडघा फोडला होता.

रविवारी सकाळी सर पहिल्या एसटीनं आले. शर्ट कडक इस्त्रीचा, हातात डाळिंबांची पिशवी. मैदानापर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढेच चालत होते. माझ्या चपलांकडेसुद्धा पाहिलं नाही.

मैदानावर पाच-सहा बायका हेल्मेट घालून उभ्या होत्या. एक पन्नाशीच्या मावशी स्कूटरवर बसून घामाघूम झाल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारून एक सडपातळ बाई हँडलला हात लावून चालत होती. केस वर बांधलेले, गळ्यात शिट्टी. आम्ही कडेला थांबलो. मावशींनी घाबरून ॲक्सिलरेटर पिळला. चाक मुरुमावर घसरून जागीच फिरलं आणि गाडी वाकडी झाली. त्या बाईनं गाडी सावरली.

“मावशी, एकदम पिळायचं नाही. गाडी इंजिननं पळते असं वाटतं ना तुम्हाला? जमिनीनं चाक धरलं तरच ती पुढे जाते. जमिनीला धरू द्या. हळू. आता द्या.”

मावशी हळू हळू पुढे गेल्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

तिनं सरांना ओळखलं. शिट्टी पदरात लपवावी तशी ओढणीखाली घेतली, वाकून नमस्कार केला. डाळिंबं घेतली, शाळेची चौकशी केली. सरांनी घसा साफ केला आणि छापील मराठीत सुरुवात केली.

“योगिता, आठवीत तपासणीच्या दिवशी तू एक उत्तर दिलं होतंस. ते बरोबर होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी चुकीचं शिकवत होतो. हे मी आता सगळ्यांना सांगितलं आहे.”

“हो, ग्रुपवरचा मेसेज मैत्रिणीनं पाठवला होता मला.” ती हसली. मग थोडा वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. “सर, रागावू नका. पण तुम्हाला माहीत होतं.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी पहिल्या बाकावर होते. मी बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, भारी शे. हळूच. मी ऐकलं. मग तुम्ही मागे साहेबांकडे पाहिलं आणि म्हणालात, बस खाली.”

मैदानाच्या त्या टोकाला मावशी गाडी वळवत होत्या. योगिताचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

“उत्तर चुकलं असं मला कधी वाटलंच नाही सर. म्हणून मी हात खाली ठेवला असं नाही. बरोबर असून पण खाली बसावं लागतं, ते कळलं मला त्या दिवशी. मग कशाला हात वर करायचा?”

सरांनी खिशात हात घातला, तिथं गोटी चाचपली असावी, आणि हात तसाच बाहेर काढला. छापील मराठी संपली होती.

“हा. माहीत व्हतं माले. घाबरी गवू मी.”

“मग तुम्ही लोकांना सांगत फिरता ते अर्धंच ना, सर?” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. तेवढ्यात मावशींनी गाडी थांबवायच्या ऐवजी पुन्हा पिळली आणि योगिता शिट्टी फुंकत तिकडे पळाली.

परतताना सीबीएस स्टँडवर आम्ही चहा घेतला. मी सरांवर रागावले होते. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी दया करत होते ती अज्ञानावर, आणि इथं तर माणसाला सगळं ठाऊक होतं. ते त्यांना माझ्या तोंडावर दिसत असणार.

“शाळेचं अनुदान त्या तपासणीवर होतं,” कप हातात धरून ते म्हणाले. “आम्ही नऊ जण सात वर्षं बिनपगारी शिकवत होतो. साहेबांची एक सही राहिली होती. मी विचार केला, पोरगी आहे, विसरून जाईल. अनुदान मिळालं. पुढच्या वर्षी तो धडा आला. आता बरोबर शिकवायचं, तर तिच्याच भावंडांपुढं कबूल करावं लागणार, की ताईला उगीच बसवलं. म्हणून तसंच शिकवलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. चालत्या गाडीला थांबवायला पण जोर लागतो मॅडम. अठरा वर्षं तो मला लावता आला नाही.”

“आणि आता चुकीचं शिकवलं असं का सांगत फिरलात?”

“चुकलो म्हणणं सोपं असतं. घाबरलो म्हणणं जड जातं.”

माझा राग तिथंच ओसरला असं म्हणणं खोटं होईल. पण त्या कपातला चहा पहिल्यांदाच त्यांच्या बशीत सांडलेला मी पाहिला, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्या दिवसानंतर सरांनी घर्षणाचा विषय बंद केला. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडला. वर्ष सरलं आणि सेवापूर्तीचा कार्यक्रम ठरला. शाल-श्रीफळ, जेवण, माजी विद्यार्थी आणि प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, “साहेब नवे आहेत. शाळेला दोन खोल्या मंजूर व्हायच्या आहेत. तेवढं ते घर्षण नको.” सरांनी मान डोलावली. भाषण लिहून द्यायचं काम, माझा विषय मराठी म्हणून, माझ्याकडे आलं. मी मन लावून दीड पान लिहिलं. सरांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. “भाषा छान आहे मॅडम. यात मी कुठे आहे?” एवढंच म्हणाले. मी योगिताला फोन करून कार्यक्रमाचं सांगितलं होतं. ती ‘बघते’ म्हणाली होती.

मी आता नाशिकला बदलून आले आहे, सरांशी फोनवर बोलणं होतं. पण ते डोळ्यांपुढं येतात ते कार्यक्रमाच्या त्या दुपारचेच. मांडव भरलेला. पुढं मुलं, मागं माजी विद्यार्थी, त्यात तो कांद्याचा व्यापारी आणि तो नवरदेव, आता तान्हं पोर कुशीत घेऊन. स्टेजवर मुख्याध्यापक, साहेब आणि शालीत अवघडलेले सर. अगदी मागं, दाराजवळच्या बाकावर, योगिता येऊन बसली. सरांनी तिला पाहिलं.

ते माइकपाशी उभे राहिले. माझा कागद खिशातच राहिला.

“मी तुम्हाला सगळ्यांना सांगत फिरलो की मी चुकीचं शिकवलं. ते अर्धं होतं,” ते म्हणाले. “बरोबर काय ते मला माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी या शाळेतल्या एका मुलीनं बरोबर उत्तर दिलं. मागे साहेब बसले होते म्हणून मी घाबरलो आणि तिला खाली बसवलं. तुम्ही हसला होता, कारण मी तुम्हाला हसू दिलं. चूक मन्ही व्हती. तिन्ही नही.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. साहेबांनी खुर्ची जरा पुढे घेतली.

“आता प्रश्न पुन्हा विचारतो. घर्षण गतीला काय करतं?”

आणि अख्खा मांडव, जुन्या सवयीनं, एका सुरात ओरडला, “विरोध.” मग स्वतःचंच ऐकून सगळे हसले. त्या हसण्यात मागं एक हात वर झाला. तो लगेच सरळ वर गेला नाही. आधी खांद्यापर्यंत आला, तिथं थांबला, मग गेला.

सरांनी साहेबांकडे पाहिलं नाही. मुख्याध्यापकांकडेही नाही.

“बोल, योगिता.”

ती उभी राहिली. “नेहमी नाही सर. चालताना ते पुढे ढकलतं.”

“भारी शे,” सर म्हणाले. या वेळी माइकमधून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

तिला ते ‘बस’ म्हणाले नाहीत. ती उभीच होती. सरांनी मागची खुर्ची ओढली आणि स्वतः खाली बसले.